बाईंची नापास जास्वंद

रोप विकत घेण्याआधी बाई त्याचं एक पान तोडून चावायच्या. डोळे मिटायच्या, आणि म्हणायच्या, "मला चाललं. बघू, त्यांना चालतंय का."

'ते' म्हणजे बाईंचे दोन ससे, कापूस आणि काजळ. बाई ठाण्याला कोपरीत तळमजल्यावर राहायच्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर घरामागच्या चिंचोळ्या पट्ट्यात त्यांनी खास सशांसाठी बाग केली होती. माझी नर्सरी पार कल्याणच्या पुढे, शहाडला. एका रोपासाठी कोपरीहून शहाडला कोण येतं, तुम्हीच सांगा. बाई यायच्या.

मी रस्त्याकडेला मातीच्या गोणीवर बसून धंदा सुरू केलेला माणूस. कल्याणच्या बाजारात मी दिसलो की व्यापारी आधी पाणी पितात, मग भाव सांगतात. माझ्या रोपाला कुणी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं. बाईंनी माझ्या जास्वंदीला नावं ठेवली, ते अजून डोक्यातून गेलेलं नाही.

आठवड्यापूर्वी नेलेली कुंडी त्यांनी पिशवीतून काढून माझ्यासमोर ठेवली.

"नापास. दोघंही हुंगून निघून गेले."

"बाई, या जास्वंदीला अख्ख्या शहाडात तोड नाही!"

"शहाडात नसेल. कोपरीत नापास."

"ससे आहेत की परीक्षक?"

"आवाज खाली घ्या, शेठ. रोपं घाबरतात."

मी दुसरी जास्वंद दिली. ती परत आली. तिसरीही आली. दर वेळी बाई चहा घ्यायच्या आणि नर्सरीभर फिरायच्या. फवारणी कसली करता? कुत्री आत येतात का? मागच्या कोपऱ्यात दुपारी सावली असते का? गिऱ्हाईक आहे की तपासणी अधिकारी, मला कळेना.

एकदा तिरीमिरीत मीच कोपरीला त्यांची बाग बघायला गेलो. कोथिंबीर बुडख्यापर्यंत साफ. पुदिन्याच्या नुसत्या काड्या. झेंडूला एक फूल नाही.

"बाई, ही काय बाग आहे?"

"लोकांची बाग बघायची असते. ही खायची आहे," त्या कौतुकाने म्हणाल्या. भोवतीची जाळी त्यांनी जमिनीतही हातभर गाडली होती, कारण काजळ बोगदे खणायचा.

मग बाईंची इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. बाईंना मुलीकडे अकराव्या मजल्यावर जायचं होतं. तिथे सगळीकडे गुळगुळीत फरशी. तसल्या फरशीवर सशांचे तळपाय सोलवटतात म्हणे. बाई शहाडला आल्या, खुर्चीत बसल्या, पण त्या दिवशी पान चावलं नाही.

"शेठ, मागचा कोपरा यांना द्याल? जाळी मी घालून देते. फक्त कण्हेरी काढायच्या. एक पान पोटात गेलं तरी संपलं."

कण्हेर माझी सगळ्यात जास्त खपणारी.

"एक रांग ठेवतो. पार रस्त्याच्या बाजूला."

"नाही."

"चार कुंड्या?"

"नाही."

"एक तरी, बाई! नावाला!"

"शेठ, काजळ जाळीखालून निघाला तर त्याला 'नावाला' कळणार आहे का?"

मी ओरडलो. रिकामी कुंडी लाथेने उडवली. बाई शांतपणे बशीतला चहा पीत राहिल्या, पण चहा संपला तरी रिकामी बशी तोंडाला लावतच होत्या. ते नसतं दिसलं तर मी हटलो नसतो. संध्याकाळपर्यंत सगळ्या कण्हेरी दुसऱ्या नर्सरीवाल्याच्या टेम्पोत गेल्या. एवढा वाईट सौदा मी आयुष्यात केला नाही.

बाई सुरुवातीला दर रविवारी सशांना भेटायला यायच्या. मग गुडघे ऐकेनासे झाले, तेव्हा फोन. "खातात का नीट?" "तुमच्यापेक्षा जास्त खातात," मी म्हणायचो.

यंदा श्रावणात मुलीचा फोन आला. बाई गेल्या.

अंत्यदर्शनाला निघायच्या गडबडीत जाळीचं दार माझ्याकडून उघडंच राहिलं. परत येऊन बघतो तर दोघं जास्वंदीच्या रांगेत. पानं गायब, कळ्या गायब, कोवळ्या फांद्यांची सालही सोललेली. बाईंनी एकेक करून परत आणलेल्या त्या तीन कुंड्या मी हट्टाने वाढवल्या होत्या. त्यांचे नुसते खुंट उरलेले. कापसाच्या तोंडातून लाल पाकळी लोंबत होती.

"हुंगून निघून गेले काय? बघा बाई, बघा, तुमची नापास जास्वंद!" मी केवढ्याने तरी ओरडलो.

दोन्ही सशांचे कान ताठ झाले. मी आजूबाजूच्या कुंड्यांकडे बघितलं आणि आवाज खाली घेतला.