लाल चिंधीचं यंत्र

"थांबा. धूळ खाली बसू द्या."

दारात आडवा हात आणि एवढंच वाक्य. डॉक्टर असोत, भेटायला आलेले नातेवाईक असोत की पंचक्रोशीतले कुणी बडे पाटील, जमादारांचा हात आडवा आला की उंबऱ्याबाहेर उभं राहावंच लागायचं. त्यांनी हात खाली घेतला की आत जायचं. ज्याच्या परवानगीवाचून डॉक्टरलाही आत जाता येत नाही असा झाडूवाला तुम्ही पाहिला आहे का? मी पाहिला, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला मला त्यांचा रागच यायचा.

कळंबच्या वाटेवर एका धर्मादाय मंडळाचा आमचा दवाखाना होता. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि आमच्याकडची वीज त्याहूनही नवी. मी तिथं भांडारात कारकून. साबणापासून खाटांपर्यंत काय घ्यायचं त्याचे कागद माझ्या हातून जायचे, त्यामुळे मी स्वतःला बराच शहाणा समजत होतो. जमादार निजामाच्या अमदानीत पलटणीच्या इस्पितळात झाडलोट करून आलेले. अंगानं काटकुळे, मिशा मात्र पलटणीतल्याच राहिल्या होत्या.

त्यांची झाडायची रीत वेगळी होती. कोरडा झाडू ते लावूच द्यायचे नाहीत. आधी लाकडाचा ओला भुसा फरशीवर पसरायचा आणि मग केरसुणी हलकेच ओढायची, म्हणजे धूळ उडत नाही. प्रत्येक वॉर्डाची केरसुणी निराळी आणि तिच्या मुठीला चिंधी बांधलेली. बाळंतिणींच्या वॉर्डाची पांढरी, क्षयाच्या वॉर्डाची लाल. लाल चिंधीची केरसुणी चुकून त्या उंबऱ्याबाहेर आली तर जमादार ती सरळ जाळून टाकत.

एकदा मी चिडवायला म्हटलं, "अहो जमादार, केरसुणीला काय कळतंय कुठल्या वॉर्डाची धूळ ते?"

"तिला न्हाय कळत, भाऊसाहेब," ते म्हणाले. "म्हणून तर चिंधी बांधायची. माणसाला कळावं म्हणून."

कळंबच्या एका आडत्यानं, आईच्या आजारपणात झालेल्या सेवेची आठवण म्हणून, दवाखान्याला व्हॅक्यूम क्लीनर द्यायचं ठरवलं. आमच्यापैकी कुणीही ते यंत्र डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. सोलापूरहून एक विक्रेता दोन नमुने घेऊन येणार होता, त्यातलं एक निवडायचं होतं. डॉक्टरांनी मला तुलनेचा तक्ता करायला सांगितला. माहितीपत्रकं वाचून मी तो अगदी मन लावून केला. ओढण्याची ताकद, वायरची लांबी, वजन, आवाज, इतकंच काय, रंगाचाही रकाना केला. खाली शिफारस लिहून मोकळा झालो, पहिलं यंत्र घ्यावं. ते चकचकीत होतं, लांब सोंडेचं, ताकदीला जबर. दुसरं म्हणजे नुसता बोजड डबा. जमादारांना विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही. झाडणाऱ्या माणसाला झाडायच्या यंत्राबद्दल काय विचारायचं, असं वाटलं असणार. आज लिहितानाही लाज वाटते.

त्याच आठवड्यात माझी बायको आमच्याच दवाखान्यात बाळंत झाली, सातव्या महिन्यात. मुलगी एवढीशी, कापसात गुंडाळलेली, रडायचंही त्राण नाही. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "हिच्या छातीला जरा जरी काही झालं तरी हिला पेलायचं नाही." मी दिवसातून चार वेळा वॉर्डाच्या दाराशी जायचो आणि जमादारांच्या हाताआडून तिला बघून परत यायचो. तिचं नाव ठेवायचीही आम्हाला भीती वाटत होती.

विक्रेता आला त्या सकाळी जमादार भुसा आणायला कळंबच्या वखारीत गेले होते. विक्रेता मोठा बोलका. "सगळ्यात जास्त धूळ कुठं असते ते सांगा, तिथंच दाखवतो," तो म्हणाला. क्षयाच्या वॉर्डाच्या खिडक्या हवेसाठी कायम उघड्या आणि समोर नांगरलेलं रान. आम्ही त्याला तिथं नेलं. चकचकीत यंत्र घोंघावायला लागलं, खाटांवरचे रोगी उठून बसले. खिडकीखालची धूळ बघता बघता गायब झाली. डॉक्टर खूश झाले. "आता बाळंतिणींच्या वॉर्डात दाखवा," ते म्हणाले, "खरी गरज तिथं आहे."

यंत्र मीच उचललं. मोठ्या ऐटीत, सोंड खांद्यावर टाकून, व्हरांड्यातून निघालो. माझी मुलगी ज्या वॉर्डात श्वास मोजत पडली होती, त्याच वॉर्डाकडे मी ते घेऊन चाललो होतो आणि मला काहीही वाटत नव्हतं.

दारात हात आडवा आला. जमादार भुशाचं पोतं पायाशी टाकून उभे होते, धापा टाकत.

"थांबा. हे कुठनं आणलं?"

"क्षयाच्या वॉर्डातून," मी म्हटलं. "बघायला हवं होतं तुम्ही, काय धूळ ओढतंय!"

"मग हे आत जायचं न्हाय."

डॉक्टर पुढं आले. "जमादार, बाजूला व्हा. धूळ आतल्या पिशवीत राहते, बाहेर येत नाही."

"साहेब, ओढलेलं वारं कुठं तरी भाईर पडत आसंल की."

"बाजूला व्हा म्हणतोय ना!" डॉक्टरांचा आवाज चढला. "उद्यापासून कामावर यायचं नसेल तर तसं सांगा."

आजूबाजूच्या बाया गोळा झाल्या होत्या. जमादारांचा हात खाली आला नाही. घरात त्यांच्या एकट्याच्या पगारावर पाच तोंडं होती, हे मला ठाऊक होतं. "नोकरी घ्या, साहेब," ते म्हणाले. "लई वर्सं दिली तुम्ही, आता घ्या. पण हे आत न्हाय."

मी काय करत होतो म्हणाल, तर सोंड खांद्यावर घेऊन तसाच उभा होतो. कुणाची बाजू घ्यावी ते मला कळत नव्हतं.

मग जमादारांनी वॉर्डाचं दार ओढून घेतलं आणि व्हरांड्यातल्या दोरीवरचं एक ओलं दुपटं ओढलं. यंत्राच्या पाठीमागून जिथून वारा बाहेर पडतो, त्या जाळीसमोर त्यांनी ते ताणून धरलं. "भाऊसाहेब, चालू करा."

मी डॉक्टरांकडे बघितलं. ते वाकून जाळीकडे बघत होते. मी व्हरांड्यातल्या प्लगाला वायर लावली, बटण दाबलं. शंभरापर्यंत आकडे मोजावेत इतका वेळ यंत्र घोंघावलं. जमादारांनी दुपटं उलटं करून डॉक्टरांच्या पुढं धरलं. मधोमध राखेच्या रंगाचा मोठा गोल डाग उमटला होता.

"हे बाळांच्या तोंडावर बसलं आसतं," एवढंच ते म्हणाले.

दुपट्याच्या कडेला निळ्या दोऱ्याची टीप होती. ती माझ्या बायकोनं घातलेली. मी तिथंच पायरीवर बसलो. डॉक्टर त्या डागावरची नजर काढून विक्रेत्याला म्हणाले, "तो डबा आणा."

बोजड यंत्रात कापडी पिशवीच्या आत आणखी एक जाड कागदी पिशवी होती आणि झाकण घट्ट बसत होतं. क्षयाच्याच वॉर्डातली धूळ ओढायला लावून त्यामागं धरलेलं दुसरं दुपटं पांढरंच राहिलं. तेच यंत्र घेतलं गेलं. जमादारांनी त्याच दिवशी त्याच्या मुठीला लाल चिंधी बांधली आणि ते क्षयाच्या वॉर्डात नेऊन ठेवलं. ते तिथून पुन्हा बाहेर आलं नाही. मुलगी जगली. नोकरीचा विषय डॉक्टरांनी परत काढला नाही, उलट वॉर्डात शिरण्याआधी ते स्वतःच दारात थांबून जमादारांकडे बघू लागले.

पण माझ्या तक्त्यात एक रकाना राहूनच गेला होता. भरलेली पिशवी रिकामी कोण करणार? तो प्रश्न कुणीच विचारला नाही, कारण उत्तर सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. दर शनिवारी जमादार तोंडाला फडकं बांधून ती भरलेली कागदी पिशवी मागच्या आवारात न्यायचे, फिनेलमध्ये भिजवायचे आणि खड्ड्यात पुरायचे. कुणी मदतीला गेलं तर लांबूनच हात आडवा करायचे. "थांबा तिकडंच. एकाचं काम हाय हे." पुढं पुढं त्यांचा खोकला भांडारापर्यंत ऐकू यायचा. फिनेलचा वास लागत असेल, असं मी स्वतःला सांगायचो. मला ते सोयीचं होतं.

मुलगी पाच वर्षांची झाली तेव्हा जमादार त्याच वॉर्डात खाटेवर होते. तिला त्यांच्या पाया पडायला म्हणून घेऊन गेलो. उंबऱ्यावर पाय ठेवणार, तोच खाटेवरून हात आडवा झाला. हाताचं नुसतं काटूक झालं होतं.

"थांबा. पोरीला आत आणू नका."

मी तिला बाहेरून, आवारातल्या खिडकीशी उचलून धरलं. ते कितीतरी वेळ बघत राहिले. मिशांतल्या मिशांत हसले. मग मला म्हणाले, "भाऊसाहेब, पिशवी कोण रिकामी करतंय आता?"

तीन आठवडे कुणीच केली नव्हती. नवा माणूस मिळत नव्हता आणि यंत्र कोपऱ्यात तसंच पडून होतं. मला खोटं बोलवेना आणि खरंही सांगवेना. "मी करतो," मी म्हटलं.

मुलीला घरी सोडून त्याच दुपारी तोंडाला फडकं बांधलं आणि पिशवी घेऊन मागच्या आवारात गेलो. खिडकीतून आवाज आला, "वाऱ्याकडं पाठ करा! आन् घाई करू नका!" यंत्र पुन्हा चालू झालं आणि त्यानंतर तीन शनिवार असेच गेले. मी खड्ड्याशी, ते खिडकीत, आणि मध्ये त्यांचा तो वर उचललेला हात. हात खाली आला की मी पिशवी खड्ड्यात सोडायची.

चौथ्या शनिवारी खिडकीतली खाट रिकामी होती. गादी उन्हात टाकली होती, फरशीवर ओला भुसा पसरलेला होता. मी पिशवी भिजवली, वाऱ्याकडे पाठ केली आणि खड्ड्याशी उभा राहिलो. धूळ केव्हाच खाली बसली होती. तरी मी थांबलो.