आमच्या घरमालकांचा फेब्रुवारी

वस्तू घेण्याआधी ती वापरून बघावी, असं म्हणणारी माणसं गल्लोगल्ली सापडतील. पण आख्खं आयुष्यच जणू वापरून बघायला आणलंय अशा बेताने जगलेला माणूस मी एकच पाहिला आणि तो माझा घरमालक होता. सगळी गल्ली त्यांना आबा म्हणायची, म्हणून मीही म्हणत असे. बँकेच्या बदलीवर मी बारामतीला आलो तेव्हा त्यांच्या माडीवरची खोली बघायला गेलो. खोली मला पसंत पडली, पण मी त्यांना पसंत पडलो की नाही हे कळायला मार्ग नव्हता. त्यांनी मला एक रात्र तिथे झोपायला लावलं. सकाळी चहा देताना काकूंनी खुलासा केला, की आबा बराच वेळ जिन्यात बसून होते, भाडेकरू घोरतो का ते ऐकत. मी पास झालो, पण तेवढ्यापुरताच. महिनाभर राहा, मग बघू, असं ते म्हणाले आणि पुढे मी चार वर्षं राहिलो तरी ते 'मग बघू' काही संपलं नाही. कुणी पाहुणा आला की माझ्याकडे बोट दाखवून ते सांगत, "हे बँकेचं साहेब. ट्रायलवर हायत."

या स्वभावाचं मूळ जनावरांत होतं. आबांच्या वाडवडिलांची मेंढरं होती. पुढे कालव्याचं पाणी फिरलं, कन्हेरी या त्यांच्या गावच्या रानात ऊस आला, मेंढरं गेली, पण जनावर पारखून घ्यायची खोड रक्तात राहिली. त्या भागात म्हैस घ्यायची तर आधी घरी आणून चार दिवस धारा काढून बघतात. दूध पटलं तरच सौदा. सौदा झाला की विकणाऱ्याचं दावं सोडून त्याचं त्याला परत करायचं आणि आपलं दावं तिच्या गळ्यात बांधायचं. आपलं दावं बांधलं की बोलणं संपलं, मग म्हैस आपली. ही रीत सगळेच पाळतात. आबांनी ती फक्त म्हशीपुरती ठेवली नाही. सणसरच्या एका गृहस्थाची म्हैस त्यांनी अशी धारेला आणली आणि इतक्या मनापासून पारखली, की शेवटी तो बिचारा स्वतःच चौकशीला आला. आबा म्हणाले, "पावसाळ्यातलं दूध बगितलं. उन्हाळ्यातलं नगं का बघाय?" त्याने मुकाट्याने म्हैस सोडून नेली आणि जाताना, एवढे दिवस तिला सांभाळल्याचे उपकारही ऐकून घेतले.

नवी चप्पल ते आठ दिवस घरात गादीवर घालून चालत, म्हणजे तळ झिजायला नको आणि नाही पटली तर परत करता यावी. पंखा घेतला तो थंडीत, आणि वारा गार येतो अशी तक्रार करून परत केला. दाढीला बसले की आधी एकच गाल करायला लावत. मग आरशात बघायचं, हाताने चाचपायचं, बाहेर उन्हात जाऊन पुन्हा बघायचं आणि मन भरलं तर दुसऱ्या गालाला परवानगी. एकदा असे उन्हात उभे असताना कुणीतरी ओळखीचं भेटलं, बोलता बोलता दोघं थेट एसटी स्टँडपर्यंत गेले, आणि मागून वस्तरा नि फडकं घेऊन आमचा न्हावी. त्या दिवसापासून तो आबांना बसवलं की आधी दुकानाचं दार लावून घेत असे.

त्यांच्या घरात कॉम्प्युटर आला तो त्यांच्या एकुलत्या एक लेकीमुळे. संगीताने गावातच कॉम्प्युटरचा क्लास केला होता आणि पुढच्या खोलीत बसून लग्नपत्रिका, जाहिराती, मुलामुलींचे बायोडाटा छापून द्यायचं तिने मनात घेतलं होतं. हे नव्वद सालानंतरचं सांगतोय. तेव्हा गल्लीत कॉम्प्युटर येणार म्हटल्यावर बायका डोक्यावर पदर घेऊन बघायला येत. फेब्रुवारीतल्या एका सकाळी पुण्याहून माणूस मशीन घेऊन आला. जोडाजोड झाल्यावर त्याने एक गोष्ट बजावून सांगितली. कॉम्प्युटर जिच्यावर चालतो ती सिस्टीम सध्या चाचणीची घातली आहे. काही महिने चालेल आणि मुदत संपली की मशीन सुरूच होणार नाही, त्याआधी पूर्ण सिस्टीम विकत घ्या. संगीताचा चेहरा पडला. आबांना मात्र आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या विचारांची कंपनी भेटली होती. "धारेला दिलीया कंपनीनं," त्यांनी जमलेल्या सगळ्यांना समजावून सांगितलं, आणि स्वतः नारळ फोडला. संगीताने पहिला कागद छापला तो आबांच्या नावाचा, मोठ्या ठसठशीत अक्षरांत. तो त्यांनी दारावर चिकटवला आणि दिवसभर कारण नसताना त्या दारातून आत-बाहेर केलं.

मुदत जवळ आली तेव्हा क्लासमधल्या कुणीतरी संगीताला युक्ती सांगितली. कॉम्प्युटरला आजची तारीख कुठे माहीत असते. आपण सांगू ती तो खरी धरतो. तारीख मागे घ्यायची, की मुदत पुन्हा पहिल्यापासून. संगीताने कॉम्प्युटर एप्रिलमधून उचलून फेब्रुवारीत नेऊन ठेवला आणि तो निमूट चालू राहिला. आबांनी त्या दिवशी लेकीकडे ज्या कौतुकाने पाहिलं, तसं तिच्या दहावीच्या निकालालाही पाहिलं नव्हतं.

मध्यंतरी तिला इंदापूरचं स्थळ आलं होतं. मुलाचे तिथे टायपिंगचे क्लास होते आणि तो नुकताच कॉम्प्युटरकडे वळला होता. सगळं जुळत आलं तेव्हा आबांनी मुलाच्या वडिलांना सरळ सांगितलं, की पोराला दोन दिवस आमच्याकडे ठेवा. बैठकीतली माणसं एकमेकांकडे बघू लागली. मुलगा मात्र हसत हसत दोन दिवस राहिला. त्याला त्यांनी कन्हेरीच्या रानात नेऊन विहिरीवरची मोटार चालू करायला लावली, झणझणीत कालवण वाढलं, आणि बोलणं काढून काढून त्याला राग कधी येतो ते बघितलं. तो आला नाही. वैशाखात लग्न झालं. पाठवणीच्या वेळी सगळी बायामाणसं डोळे पुसत असताना आबा लेकीला मोठ्याने म्हणाले, "महिनाभर बघ. न्हाय पटलं तर सरळ माघारी यी. कुणी काय इचारणार न्हाय." मुलाच्या आत्याने त्यांच्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं, की काकूंनी घाईघाईने गाडीचं दार लावून घेतलं.

संगीता गेल्यावर पुढच्या खोलीतला तो धंदा आबांनी स्वतः चालवायला घेतला, एका बोटाने. पण तारीख मागे घ्यायचं काम त्यांना पक्कं जमलं होतं. खरं तर ते मुदत भरत आली की एकदा केलं तरी पुरे. आबा रोज करीत. सकाळी अंघोळ, देवपूजा, कॉम्प्युटरला कुंकवाचं बोट, आणि मग तारीख फिरवून फेब्रुवारीतला तोच दिवस, मशीन घरात आलं तो. मी एकदा म्हटलंही, की रोज कशाला? कंपनीचा काय भरवसा, एवढंच ते म्हणाले.

त्यातून व्हायचं ते झालंच. सणसरचा एक शेतकरी मुलाच्या जावळाच्या पत्रिका छापायला आला. येत्या शुक्रवारी कार्यक्रम आहे, असं त्याने सांगितलं. आबांनी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे ढुंकूनही न बघता कॉम्प्युटरातून येता शुक्रवार काढला. फेब्रुवारीतला. त्या माणसाने पत्रिकेवर पोराचं नाव बरोबर आलंय एवढंच पाहिलं आणि भर श्रावणात गावभर वाटली. ज्यांनी वाचली त्यांना वाटलं, कार्यक्रम होऊन गेला. एका गुरुजींनी तर पुढच्या वर्षीची समजून जपून ठेवली. वाचता न येणारी मंडळी तेवढी वेळेवर येऊन पोटभर जेवून गेली. तो शेतकरी भांडायला आला तेव्हा मी खाली होतो. आबांनी सगळं ऐकून घेतलं, चूक कबूल केली, त्याला जेवायला बसवलं. पण तारीख आजची करून टाका असं मी सुचवल्यावर ते मशीनला पाठ लावून असे उभे राहिले, की मी तो विषय सोडून दिला. हा हट्ट पैसे वाचवण्याचा असावा असंच मला वाटत होतं.

मग दिवाळसणाला लेक-जावई आले. पाडव्याच्या सकाळी आबांनी जावयाला अंगठी दिली आणि आठ दिवस घालून बघा, मग ठरवू, असंही सांगितलं. जावयाने हसत हसत पिशवीतून एक खोकं काढलं. पूर्ण सिस्टीम, फ्लॉप्यांचा गठ्ठा.

"मामा, हिला मुदत न्हाय. तारीख मागं घ्यायचा ताप गेला. एकदा घातली की कायमची."

काकूंनी खोक्याला हळदकुंकू लावलं. आबांनी ते उलटसुलट करून बघितलं, टेबलावर ठेवलं, "बघू," म्हणाले आणि उठून मागच्या अंगणात गेले. काकूंनी मला खूण केली. मी गेलो तर ते हौदापाशी बसून स्वच्छ बादली पुन्हा घासत होते. जावई एवढ्या प्रेमाने घेऊन आले आणि तुम्ही उठून आलात, असं मी जरा कुरकुरतच बोललो. ते बादलीकडेच बघत म्हणाले, "साहेब, त्या डब्यात अजून फेब्रुवारी हाय. तितं संगीचं स्थळसुदीक आलेलं न्हाय. सकाळी तारीख फिरवली की वाटतं, पोरगी आत हाय, आत्ता येऊन खुर्चीत बसंल. ही नवी घातली मंजी ती गेलीच की."

सहा महिने मी या माणसाला चिक्कू समजत होतो, आणि तो रोज सकाळी लेकीला घरी आणत होता. मागे चाहूल लागली म्हणून वळलो, तर चहाचे कप घेऊन संगीता उभी. तिने ऐकलं होतं.

"आबा, महिनाभर बघ म्हणाला हुता मला. मग एकदा तरी इचारलं का, कसं हाय म्हणून?"

आबांनी बादली पालथी घातली. मग म्हणाले, "भ्या वाटायचं. वाईट हाय म्हणलीस तरी, आन् चांगलं हाय म्हणलीस तरी."

संगीताने कप हौदाच्या कठड्यावर ठेवले. "चांगलं हाय आबा. लई चांगलं हाय. कवाच दावं बांधलंय मी तुमच्या जावयाच्या गळ्यात."

स्वयंपाकघराच्या दारात जावई उभे होते. त्यांचा हात आपसूक गळ्याकडे गेला. ते बघून आधी काकू हसल्या, मग मी, आणि शेवटी आबा, डोळ्यांतलं पाणी ओल्या हातानं पुसत. मग तेच पुढे होऊन कॉम्प्युटरपाशी बसले. जावई फ्लॉपी मागत आणि आबा एकेक पुढे करत, गुऱ्हाळात चरकाला ऊस द्यावा तशी. निम्म्या झाल्यावर, इथे थांबवून जरा बघावं का, असं त्यांनी विचारून पाहिलं. संगीताने नुसतं बघितलं. ते गुमान पुढची काढू लागले. सगळं झाल्यावर तारीख तिनेच बदलली. मार्च आला, एप्रिल आला. लग्नाच्या मे महिन्यावर तिचं बोट जरा रेंगाळलं आणि आबांनी दाराकडे पाहिलं. मग पावसाळा सरला, आणि कॉम्प्युटरात पाडवा उजाडला.

दोन दिवसांनी लेक-जावई इंदापूरच्या गाडीत बसून गेले. दुसऱ्या दिवशी बँकेत जायला मी खाली उतरलो तर आबा अंघोळ करून, मशीनला कुंकू लावून खुर्चीत बसले होते. हात सवयीने माऊसवर होता, पण करायचं काहीच नव्हतं. मी पायरीवरच थांबलो. त्यांनी मान वर न करता विचारलं, "साहेब, ही तारीख पुढं ढकलता येती का?"

"येते की. कशाला?"

"चैतात कन्हेरीची जत्रा हाय. जत्रंला येती म्हणलीया संगी."

मी सांगितलं, की कॉम्प्युटरात चैत्र आणला म्हणून जत्रा काही लवकर यायची नाही, ती तिच्या दिवशीच होणार. हे त्यांना पटल्यासारखं दिसलं.

"तरी ढकलून तर बघू," ते म्हणाले. "न्हाय पटलं तर आणू की माघारी."

बँकेला उशीर होत होता. मी चपला काढल्या, स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसलो आणि चैत्र कुठल्या तारखेला येतो ते शोधू लागलो.