गोपिकेला राग आणण्याचे प्रयोग

१९८२च्या सुमारास नागपुरात सरकारी खर्चाने चरणाऱ्या बकऱ्या फार नव्हत्या. त्यांतली एक आमच्या कॉलेजच्या प्राणिघरातली गोपिका. तिला सांभाळणारे धोंडबा भोयर सक्करदऱ्याहून सायकलने येत, आधी तिची विचारपूस करत, मग हजेरीची सही.

गोपिकेचं काम बसून खायचं होतं. पेशींत कॅल्शियमला धरून ठेवणारं एक प्रथिन असतं. ते नेमकं कुठं दडलंय हे दाखवायला त्यालाच जाऊन चिकटणारी प्रतिपिंडं लागतात. आमच्या विभागात संशोधन करणाऱ्या लतिकाबाई ते प्रथिन बैलाच्या मेंदूतून काढून गोपिकेला टोचत. तिच्या अंगाने ते परकं समजून प्रतिपिंडं तयार करायची, बाईंनी ती तिच्या रक्तातून काढून घ्यायची, असा बेत. पण हे प्रथिन बैलात, बकरीत, माणसात जवळपास एकच. तपासणीत काहीच दिसेना.

"तिला ते घरचंच वाटतं हो," बाई म्हणाल्या. "घरच्यांशी कोण भांडतं?"

"घरच्याइशीच तं भांडतेत, बाई! तुमचं लगन नाही झालं अजून, म्हनून म्हनता," धोंडबा म्हणाले.

विभागप्रमुख आनंदरावांनी सुनावलं, की पुढच्या तपासणीतही तेच झालं तर बकरीचा लिलाव. लिलावाला कोण येणार हे धोंडबांना ठाऊक होतं. सदर बाजारातल्या एका खाटकाने कुंपणावरूनच गोपिकेच्या मांड्या नजरेने तोलून ठेवल्या होत्या.

धोंडबांनी निदान केलं, की हिले रागच येत नाही. आणि राग आणायचा तर पोळ्याच्या झडत्यांसारखं औषध नाही. तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या, की समोरच्याला चिमटे काढत ज्या तुकबंद्या म्हणतात, त्यांवरून गावोगाव डोकी फुटलेली. तर रोज सकाळी धोंडबा फेटा बांधून गोपिकेसमोर उभे:

"कुटार खाल्लं, ढेप खाल्ली, खाल्ला बाभळीचा पाला,
इतकं खाऊन गोपिके, तुले राग नाही आला!
हर बोला हर हर महादेव!"

गोपिका निवृत्त न्यायाधीशासारखी रवंथ करत ऐके.

इकडे लतिकाबाईंनी त्या प्रथिनाला समुद्री गोगलगायीचं एक पूर्ण अनोळखी प्रथिन जोडून टोचलं. अनोळखी माणसाबरोबर आला, की घरच्याकडेही संशयानेच पाहतात. तपासणीच्या बशीतल्या जेलीत पांढरी रेघ उमटली, म्हणजे प्रतिपिंडं तयार झाली होती.

"आला! राग आला!" धोंडबा ओरडले.

"राग नाही हो, ती गोगलगाय..."

"गोगलगायीले कोन भेते, बाई?"

आनंदराव गंभीर झाले. "दोन्ही उपाय एकदम केलेत. कशामुळे झालं, सांगा."

"सर, शिव्या खाऊन प्रतिपिंडं होत नाहीत!"

"सिद्ध करा. तोवर बकरी विकायची नाही, आणि दोन्हींतलं काही थांबवायचंही नाही."

धोंडबांनी गोपिकेच्या गळ्यात पडून घेतलं. मग भाचीच्या लग्नाला ते निर्धास्त गावी गेले, आणि नेमकी तेव्हाच पुढच्या टोचणीची पाळी आली. बाईंनी सुई टोचली, दाराला कडी घातली, पांढरा कोट सारखा केला.

"गोपिके," त्या शुद्ध पुणेरी उच्चारात म्हणाल्या, "तू अतिशय आळशी आहेस."

गोपिकेचं रवंथ थांबलं. तिने मान वळवून भिंतीकडे तोंड केलं. बाईंना इतकं वाईट वाटलं, की स्वतःच्या डब्यातली सगळी मेथीची भाजी त्यांनी तिला हाताने भरवली आणि त्या दिवशी उपाशीच काम केलं.