पहिल्या धड्याचा मान

माझा आवाज चांगला आहे. हे मीच सांगते, कारण सांगायला दुसरं कुणी घरात नाही. तीस वर्षं म्युनिसिपालिटीच्या शाळेत मराठी शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर गिरगावातल्या एका संस्थेत अंध मुलांसाठी पुस्तकं वाचायला जाऊ लागले. ठाकूरद्वारहून चालत दहा मिनिटं. बंद खोलीत माइकपुढे बसायचं आणि कॉलेजचं पुस्तक वाचायचं. ते मुलांच्या मोबाइलवर जातं. हल्ली मोबाइल स्वतःच पुस्तक वाचतो म्हणे, पण मराठीतले तक्ते आणि आलेख आले की त्याची बोबडी वळते. तिथे माणूस लागतो.

आमच्याकडे एक रीत होती. पहिल्या धड्याच्या सुरुवातीला पुस्तकाचं नाव, संस्थेचं नाव आणि मग वाचणाऱ्याचं नाव घ्यायचं. तेवढं एकदाच. पुढे दुसऱ्या कुणी पुस्तक पूर्ण केलं तर त्याचं नाव कुठेच यायचं नाही. त्यामुळे अर्धवट राहिलेलं पुस्तक कुणी हातात घेत नसे. मीही घेतलं नाही. उलट मीच एक अर्धवट सोडलं होतं. अर्थशास्त्राचे सहा धडे झाले, मग गणपती आले, मग गुडघा दुखायला लागला, आणि बरी होऊन गेले तर टेबलावर नवंकोरं पुस्तक. नव्याचा पहिला धडा सोडवेना.

मार्चमधली एक सकाळ. लालबागची एक मुलगी पांढरी काठी टेकत ऑफिसात आली. मी कुणाशी तरी बोलत होते, तर तिथूनच म्हणाली, "अर्थशास्त्रवाल्या मावशी ना तुम्ही?"

मी अशी फुलले म्हणता!

"मावशी, सातवा धडा कधी?"

तिने मोबाइल काढून ऐकवलं. आधी मी. मग दादरच्या संस्थेतले एक निवृत्त प्राध्यापक. मग परळच्या संस्थेतल्या, हॉस्पिटलात क्लार्क असलेल्या बाई. तिघांचं पुस्तक एक, तिघांचा पहिला धडा झोकात, आणि तिघेही सहाव्यापर्यंतच थांबलेले.

"पहिला धडा मला तीन आवाजांत पाठ आहे," ती म्हणाली. "सातव्यापासून एकही आवाज नाही. गेल्या वर्षी ह्याच पेपरात केटी लागली. बारा दिवसांनी परत तोच पेपर आहे. सुटला तर बी.एड.ला जाईन, नाहीतर अजून एक वर्ष घरी."

सुरात तक्रार नव्हती. पण तेच पुस्तक दुसरं कुणी वाचतंय, हे मला आधीपासून माहीत होतं. दीड वर्षापूर्वी माटुंग्याच्या बाजारात हे प्राध्यापक भेटले होते. सुरण निवडता निवडता म्हणाले, "सध्या ते अर्थशास्त्र वाचतोय." माझं तेव्हा नुकतंच सुरू झालेलं. 'तुम्ही सातव्यापासून घ्या, पुढचं मी सोडते,' एवढं बोलायला काय जात होतं? मी "हो का? वा!" म्हटलं, शेवग्याच्या शेंगा घेतल्या आणि निघाले. त्यांनी शेवटचे धडे मला दिले असते तर, ही भीती. शिवाय त्यांचा घोगरा आवाज आणि माझा आवाज, असंही मनात होतंच. लाज वाटते सांगायला.

सेक्रेटरींना विचारलं, उरलेले धडे वाचायला तिघांना मिळून आपली खोली द्याल का? ते म्हणाले, "बाहेरच्या संस्थेची माणसं? कमिटीपुढे ठेवावं लागेल, बाई. मीटिंग एप्रिलअखेर."

"एप्रिलअखेर तिचा पेपर होऊन महिना उलटेल!"

"नियम आहे."

"मग नियमालाच बसवा माइकपुढे!" मी म्हणाले आणि तरातरा बाहेर आले. पायऱ्या उतरताना गुडघ्याची आठवणसुद्धा झाली नाही.

त्या दोघांना फोन केले, आणि रविवारी दुपारी आम्ही तिघं वाचणारे लालबागला तिच्या चाळीतल्या खोलीत जमलो. उरलेले सहा धडे होते. वाटणी तिनेच केली, दोन-दोन. मला शेवटचे दोन. तिच्या आईने गॅलरीतल्या पोरांना पिटाळलं, शिट्टी नको म्हणून कुकरखालचा गॅस बंद केला आणि म्हणाली, "तुमी वाचा, मी नंतर चाय ठेवतंय." पलंगावर मोबाइल ठेवून आम्ही आळीपाळीने वाचलं. त्या घोगऱ्या आवाजाने एक आलेख असा वाचला, रेष कुठून निघते, कुठे वळते, कुठे दुसरीला छेदते, की डोळे असून मला तो पहिल्यांदाच कळला. मी तसं त्यांना सांगितलं. ते बिचारे लाजले. लागोपाठच्या तीन दुपारींत पुस्तक संपलं.

पेपर सुटला. बी.एड.ला प्रवेश मिळाल्यावर ती पेढे घेऊन माझ्या घरी आली. पेढा माझ्या हातातच राहिला. मी तिला बाजारातली गोष्ट सांगून टाकली.

तिने पेढ्यांचा डबा बंद केला. मग म्हणाली, "म्हणजे माझं एक वर्ष तुमच्या नावापायी गेलं."

मी हो म्हटलं.

"सरांनीपण परवा हेच सांगितलं. तुमचं सुरू झालंय हे त्यांनाही ठाऊक होतं म्हणे, आणि त्यांनाही पहिलाच धडा हवा होता." ती उठली, काठी उघडली. "आता तुम्ही तिघांनी पुस्तक उघडायच्या आधी मला फोन करायचा. कुणी काय वाचायचं ते मी सांगणार. आणि तुम्ही दोघांनी, मावशी, शेवटून सुरू करायचं."

तेव्हापासून आम्ही तिघं तिला विचारल्याशिवाय पान उलटत नाही. सेक्रेटरींची कमिटी अजून विचार करते आहे. काल बी.एड.चं मानसशास्त्र आलं. फोन केला. "चौदावा," एवढंच म्हणाली.

खोलीत गेले, दार लावलं, लाल दिवा लागला. सवयीने तोंडात नाव आलं होतं. ते गिळलं आणि चौदावा धडा सुरू केला.