गादी वाचणारे चाचा

अमरावतीत कोण किती झोपतं हे छातीठोकपणे सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि तो डॉक्टर नव्हता. ते आमचे गादीवाले चाचा. उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की वलगावहून सायकलवर यायचे. मागे आडवी बांधलेली कापूस पिंजायची धनुकली, तिची ताणलेली दोरी, म्हणजे तात, रस्त्यातल्या खड्ड्याखड्ड्याला आपोआप टणत्कार करायची, त्यामुळे चाचा चौकात असतानाच आमच्या गल्लीतल्या गाद्या गच्चीवर चढायला लागत. खोळ उसवण्याआधी ते गादीवर एकदा तळहात फिरवत, डोळे मिटून, वैद्यानं नाडी पाहावी तसे; आणि मग त्या घरातलं जे काही असेल ते चारचौघांत सांगून टाकत. समोरच्या निवृत्त साहेबांना म्हणाले, "साहेब, तुमी रातच्यापेक्षा दुपारीच जास्त झोपता. खिडकीकडून दबली हाये पाहा." साहेब तेव्हापासून त्यांना उन्हात बसवून गादी भरून घेत, सावलीत बसायलाही सांगत नसत.

शेजारच्या वकिलांच्या डबल गादीला दोन्ही टोकांना दोन खोलगट खड्डे आणि मधली रुई अगदी कोरी. चाचा माझ्या कानाशी पुटपुटले, "भांडन लय जुनं दिसते, गुरुजी." गोष्ट तिथंच राहायची. पण मी पडलो शाळामास्तर, आवाज चाळीस पोरांच्या मापाचा. "काय म्हणता, मधे कोनी झोपतच नाई?" असं मी विचारलं ते वकिलीणबाईंनी जिन्यातच ऐकलं. नवराबायकोनं मिळून सहा महिने माझ्याशी अबोला धरला. पुढच्या साली मात्र त्यांची गादी मधोमध दबलेली निघाली. चाचा म्हणाले, "काहीतरी एका मतावर आले बाप्पा दोघं." ते मत मी होतो.

स्वतः चाचा चटईवर झोपत. "दुसऱ्याची नींद पाहून पाहून माही उडून गेली," म्हणत. रुईच्या बाबतीत फार मानी. कपाशीवर बोंडअळी आली त्या वर्षी मी कुठूनसा स्वस्तातला पिवळट, डागी कापूस आणला, तर त्यांनी चिमूट उचलून दोन अंगठ्यांत ताणली, तुकडा पडला तो माझ्या हातावर ठेवला आणि सायकल वळवली. "यावर झोपू नका. ज्यानं पिकवला, तोही झोपला नसन."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आमच्या रेणूची गादी त्यांच्या हाताखाली आली. रेणू माझी एकुलती एक, दहावी संपवून अकरावीत चाललेली. चाचांनी हात फिरवला, थांबले, पुन्हा फिरवला.

"गुरुजी, हे झोपनाऱ्या मानसाची गादी नाई."

"मंग काय म्हशीची हाये?"

"हसू नका. भिताडाकून एकच खड्डा हाये, बसल्याचा. बाकी पुरी कोरी. लेकरानं कूस बी बदलली नाई."

"अभ्यास करून राहिली चाचा पोरगी!" मी छाती फुगवून म्हणालो.

"अभ्यास करनारं लेकरू पुढं वाकते. हे मागं टेकून बसलं हाये. मले काय समजते म्हना, पन तिले इचारा एकडाव."

मी विचारलं नाही. उलट शाळा उघडल्यावर हा किस्सा शिक्षकांच्या खोलीत साभिनय सांगितला आणि भरपूर हशा मिळवला. त्याच महिन्यात पालकसभेत 'मोबाइल आणि मुलांची झोप' या विषयावर मी पाऊण तास बोललो. सगळे मुद्दे माझ्या मोबाइलवर आलेल्या फॉरवर्डमधून, अंथरुणात पडल्या पडल्या जमवलेले. रेणूलाही मुद्दाम ऐकायला नेलं होतं, ती तिसऱ्या रांगेत होती. तिचे डोळे हळूहळू मिटत गेले. मला वाटलं, लेक भारावली.

एवढ्यावर भागलं नाही. चाचांचं बोलणं मनात कुठंतरी कुसळासारखं टोचत होतं, म्हणून मी ते काढायचा शास्त्रशुद्ध उपाय केला: रेणूसाठी फोमची गादी मागवली. जाहिरातीत एक बाई तिच्यावर हात दाबायची, उचलायची, आणि गादी जशीच्या तशी. पुढच्या सुटीत चाचा आले तेव्हा मी तोच प्रयोग त्यांना करायला लावला. पंज्याचा ठसा उमटला, हळूहळू भरून आला, दिसेनासा झाला. चाचांनी त्याच जागेवर पुन्हा तळहात दाबून पाहिला.

"हे तं काहीच सांगत नाई, गुरुजी."

"तेच तर तिचं वैशिष्ट्य आहे!" मी म्हणालो. काय शहाणा मी! रेणूची जुनी गादी वर त्यांनाच देऊन टाकली.

पावसाळा संपता संपता रेणू कॉलेजात, प्रॅक्टिकल चालू असताना कोसळली. शुद्धीवर आली ती रडतच, आणि थांबेना. डॉक्टरांनी विचारलं, झोप किती? मी म्हणालो, "आठ तास, पक्के." रेणू माझ्याकडे न बघता म्हणाली, "तीन. कधी दोन." मैत्रिणींनी तिला त्यांच्या ग्रुपमधून काढलं होतं, दोन वर्षं होत आली होती. कशावरून, ते तिला आजही धड ठाऊक नाही. त्यांचे हसरे फोटो ती रोज रात्री मोबाइलवर पाहायची आणि कुणीतरी परत घेईल म्हणून भिंतीला टेकून बसून राहायची. "बाबा, मी झोपली असती अन् तेवढ्यात त्यांनी मले घेतलं असतं तं?" पाऊण तास बोलणारा मी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत राहिलो.

तिचं बारावीचं ते वर्ष वाया गेलं. औषधं झाली, डॉक्टरांशी बोलणं झालं, अजूनही होतं. रात्री फोन स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर राहतो; आणि माझाही राहील, ही अट रेणूची.

चाचांना शोधत वलगावला गेलो, तर गाद्या कोणी भरून घेईना म्हणून ते अकोल्याला मुलीकडे राहायला गेलेले. अकोल्यात गाठलं. थकले होते, धनुकली खुंटीला टांगलेली. मी सगळं सांगितलं. "मी तुम्हाला हसलो," म्हणालो. ते आत जाऊन एक गाठोडं घेऊन आले. रेणूच्या गादीची रुई, तशीच.

"पिंजली नाई मी. म्हटलं, गुरुजी इचारायले येतीन कधीतरी. उशीर केला तुमी."

त्यांनी धनुकली उतरवली. दुसरं टोक मी धरून ठेवलं, तेही वाकडं, म्हणून शिव्या खाल्ल्या. दोन दिवसांनी गादी तयार झाली. ती त्यांची शेवटची. होळीच्या आधी चाचा गेले.

रेणू कॉलेजला गेली की मी चादर सारून तिच्या त्या गादीवर हात फिरवतो, डोळेबिळे मिटून. एक लांबट, वाकडातिकडा खोलगटपणा लागतो, कुशीवर वळलेल्या माणसासारखा. किंवा मला तसा वाटतो. खरं काय, ते सांगणारा आता कोणी नाही. म्हणून रोज सकाळी चहाच्या वेळी तिलाच विचारतो, "झोपली का व माय?"

"हो ना बाबा," ती वैतागून म्हणते. एखाद्या सकाळी म्हणते, "नाही." त्या सकाळी मी शाळेत उशिरा जातो.