शेवंताच्या सायकलींचा पोळा

साल दोन हजार पंचवीस, माझं वय बहात्तर. पोळा होऊन महिनाही झाला नव्हता. पहाटे भाचा दारात येऊन उभा राहिला, नुसतं "मामा..." म्हणाला, अन् मले समजलं. माझी धाकटी बहीण शेवंता गेली होती.

शेवंता शाळेत खिचडी शिजवायची. आमच्या तालुक्याच्या गावात, बाजाराकडच्या रस्त्याला खांब रोवून सायकलींसाठी वेगळी पट्टी केली, तेव्हा पन्नाशी उलटलेली ही बाई सायकल शिकली. मी हसलो, तं म्हणते, "दादा, आता ट्रक अंगावर येत नाई. मंग कायले भेऊ?"

यंदा नगरपालिकेच्या साहेबांचा हुकूम आला. मोटारी उभ्या करायला जागा पाहिजे, पट्टी काढा. शेवंता अर्ज घेऊन फिरली. मले म्हणाली, "तू चाल सोबत." म्हणलं, "मी कोणाच्या दारात जात नाई." माझा पीळच तसा.

पोळ्याच्या आदल्या सांजेला पाहतो तं ही सायकलच्या दांडीला तूप-हळद चोळून राह्यली. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या!"

"काय वं, बैल हाये का ते?"

"घर तिच्याच खांद्यावर हाये. तुह्या बैलापरीस जास्त राबते."

दुसऱ्या दिवशी तिनं पट्टीवर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. धुणीभांडी करणाऱ्या बाया, पेपरवाले, मजूर... साऱ्यांच्या सायकली तोरणापुढं बैलांसारख्या रांगेत. तेवढ्यात खांब उपटायला मशीन आली. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, तोरण काढा."

"मानकऱ्यानं तोरण तोडल्याबिगर पोळा फुटते का रे? ज्यानं हुकूम काढला, तोच आमचा मानकरी. आण त्याले!"

पोरगा शेतकऱ्याच्याच घरचा; मानकऱ्याआधी तोरणाला कोणी हात लावत नाही, हे त्याले ठाऊक. त्यानं मशीन बंद केली.

साहेब काही आले नाहीत. पानं वाळली, लोक तोरणाखालून वाकून जात राहिले, पण हात कोणी लावला नाही. मशीन दोनदा आली, तशीच परत गेली. मग शेवंताला ताप चढला. दवाखान्यात मले विचारते, "आला का मानकरी?" म्हणलं, "नाई." "येऊ दे... आमच्या डोळ्यांसमोर तोडू दे म्हणा."

तिला अग्नी दिला त्याच सांजेला गावात बोलणं झालं. बाई आता नाही, उद्या पालिकेचे मजूरच तोरण काढतील अन् खांबही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सुतकातच, मी साहेबाच्या दारात जाऊन बसलो. शिपाई म्हणाला, "बाबाजी, काय काम हाये?"

म्हणलं, "मानकऱ्याले न्यायले आलो."