तुटता तारा सांगणारी अयोध्या

जळकोटच्या स्टँडजवळ सिद्रामप्पाचं पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्सचं दुकान. त्याच्याकडं कॅमेरा एकच, तोही उमरग्याच्या एका लग्नवाल्या फोटोग्राफरकडून जुना घेतलेला. डिसेंबरच्या मध्यात उल्का पडतात त्या दोन-तीन रात्री तो बायकोला, अयोध्याला, मोटरसायकलवर मागं बसवून माळावर न्यायचा. असं अकरा वर्षं चाललं.

कॅमेरा तीन पायांच्या स्टँडवर लावून तो वीस-वीस सेकंद शटर उघडं ठेवायचा. पण कॅमेऱ्याला आभाळाचा एक तुकडाच दिसतो. बाकीचं आभाळ अयोध्या बघायची.

"अहो, त्या अंगाला लई तुटायलेत!" ती ओरडली की हा कॅमेरा तिकडं फिरवायचा. सात चांगले फोटो मिळाले. त्यातले सहा तिच्यामुळं, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. मागच्या दोन वर्षांत मात्र तिच्या सांगण्यावरून फिरवावं आणि फोटोत काहीच येऊ नये, असं होऊ लागलं. नशीब म्हणून त्यानं सोडून दिलं.

अकराव्या वर्षी तिसऱ्या रात्री एकदम ढग आले. बघता बघता सगळं आभाळ झाकलं. सिद्रामप्पानं शटर बंद केलं, कॅमेरा पिशवीत ठेवू लागला. तेवढ्यात मागनं अयोध्या म्हणाली,

"त्यो बघा गेला! केवढा लांब!"

त्यानं वर बघितलं. एकही चांदणी नव्हती.

"कुठं?"

"पवनचक्कीच्या वर. घावला का फोटोत?"

त्यानं पिशवीचा बंद आवळला. म्हणाला, "घावला."

सकाळी त्यानं तिला उमरग्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं, तिथून सोलापूरला. काचबिंदू होता. कडेची नजर आधी गेली होती, आता मधलीही जवळजवळ संपली होती. गेलेली नजर परत येत नाही, डॉक्टरांनी सरळ सांगितलं.

दवाखान्याबाहेरच्या बाकावर त्यानं विचारलं, "कधीपासनं?"

"दोन वरसं झाली असतील."

"मग बोलली का न्हाईस? तवाच औषध सुरू झालं असतं!"

"तुमी माळावर जायचं सोडलं असतं," ती म्हणाली. "वर्षातनं तेवढंच तर आपण दोघं कुठं जातो."

चार माणसांत तो रडला. अयोध्या चाचपडत त्याची बाही धरून बसली.

पुढच्या डिसेंबरात त्यानं कॅमेऱ्याला हात लावला नाही. तिनंच कानटोपी घातली आणि दारात उभी राहिली. "चला की," म्हणाली.

माळावर तो तिच्या शेजारी बसला. बराच वेळ काही नाही. मग डोक्यावरून एक हिरवट, जाड रेघ गेली, क्षणभर बाभळीची सावली पडली.

"काय झालं? श्वास का रोखला?"

"गेला एक," तो कसाबसा म्हणाला. "लई मोठा."

"कुठं?" म्हणत अयोध्यानं घाईनं मान वळवली, भलत्याच बाजूला, आणि तशीच हसऱ्या तोंडानं वर बघत राहिली.